आपोआप गेलेला निरोप

डॉक्टर: पण माझा फोटो कशाला?

आरोही: नियम आहे, मॅडम. मुलाखत खरंच झाली याचा पुरावा. एक फोटो आणि ठिकाणाची नोंद. ठिकाणाची नोंद टॅबलेट स्वतःच घेतो.

डॉक्टर: म्हणजे तुम्ही पुण्याहून खेडपर्यंत एसटीनं आलात, माझ्या प्रसूतिगृहात येऊन बसलात, आणि तुमच्या संस्थेला तुमचाच भरवसा नाही.

आरोही: काही जण घरी बसून फॉर्म भरतात, मॅडम. म्हणून.

डॉक्टर: घरी बसून भरले तरी अहवाल तोच येतो. मागं एक मुलगा आला होता असाच. टाय घालून. मे महिन्यात, खेडमध्ये, टाय. त्याला मी सगळा दुपारचा वेळ दिला. छापलं काय त्यांनी? 'किनारपट्टीवरील ज्येष्ठ डॉक्टरांमध्ये तंत्रज्ञानाविषयी भीती आढळते.' भीती. आरोग्य केंद्रातली पोर मला बाळाच्या ठोक्यांची पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवते, मी जेवता जेवता बघून सांगते, पाठव लगेच खेडला. आणि म्हणे भीती.

आरोही: तो अहवाल आमचा नव्हता.

डॉक्टर: सगळे अहवाल एकाच कुळातले. विचारा तुमचं काय ते.

आरोही: वय, शिक्षण वगैरे मी भरलंय. स्त्रीरोगतज्ज्ञ, स्वतःचं प्रसूतिगृह. आता पहिलं. 'डिजिटल तंत्रज्ञानामुळे माझ्या कामाचा दर्जा सुधारला आहे.' पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत.

डॉक्टर: कसलं तंत्रज्ञान? सोनोग्राफी? का बिल छापायचं यंत्र? का लोटे एमआयडीसीच्या कंपनीतले ते साहेब? बायको आत कळा देतेय, हे दारात उभे राहून मला फोन दाखवतायत. कळा मोजायचं ॲप. म्हणे डॉक्टर, यात अजून बराच अवकाश दाखवतंय. बाळ तोवर आमच्या आया आनंदीबाईच्या हातात.

आरोही: सगळं मिळून सांगायचं, मॅडम.

डॉक्टर: सगळं मिळून. म्हणजे जेवण कसं होतं, तर भात, सार, मासा आणि घशात अडकलेला काटा, सगळं मिळून. लिहा तटस्थ.

आरोही: खरंच तटस्थ लिहू?

डॉक्टर: तुम्हाला काय फरक पडतो?

आरोही: पडतो. सकाळी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळ्याला 'सहमत' म्हटलं, समोर क्रिकेट चालू होतं. त्यानंतरच्यांनी माझ्यापुढं कंपाउंडरला बसवलं आणि स्वतः जेवायला गेले. तुम्ही चिडून का होईना, प्रश्न ऐकताय. मग मला खरं उत्तर हवंय.

डॉक्टर: तोंड आहे हो तुम्हाला. पुण्यात कुठल्या?

आरोही: हडपसर. तुम्हाला वाटतंय तिथली नाही.

डॉक्टर: मला काय वाटतंय ते तुमच्या टॅबलेटात नाही ना अजून? मग पुढं चला.

आरोही: 'नवीन सॉफ्टवेअर शिकताना मला आत्मविश्वास वाटतो.'

डॉक्टर: हे बालवाडीत विचारतात. शर्टाची बटणं स्वतः लावता येतात का?

आरोही: 'सहमत' धरते. 'रुग्णांची माहिती गोपनीय राहते याबाबत मी समाधानी आहे.'

आनंदीबाई: मॅडम, चहा. बाहेर भरणे गावची ती पोरगी बसलीय, पाचव्या महिन्याची. थांबते म्हणतेय.

डॉक्टर: तिला पंख्याखाली बसवा, आनंदीबाई. दार ओढून घ्या जाताना.

आरोही: मॅडम? समाधानी आहे, गोपनीयतेबाबत. पूर्णपणे सहमत, सहमत...

डॉक्टर: ऐकलं मी. हे आवाज घेतंय का आपला?

आरोही: सुरुवातीला तुम्ही संमती दिली होती.

डॉक्टर: आता काढून घेतली. बंद करा. नुसतं बंद नको, पालथं घाला.

(आरोही टॅबलेट बंद करून टेबलावर पालथा ठेवते.)

डॉक्टर: या टेबलावर पूर्वी एक संगणक होता. तो कुठं गेला ते सांगते. माझी एक पेशंट आहे. आपण तिला नबीला म्हणू. ते तिचं नाव नाही. गाव बुरोंडी म्हणू. तेही तिचं नाही. नवरा आमीर, आखातात बंदरावर क्रेन चालवतो. तेवढं खरं आहे, कारण तिकडच्या बंदरांवर आमच्याकडचे इतके आमीर आहेत की त्यावरून तुम्हाला कोणी सापडायचा नाही.

आरोही: मी शोधणार नाही, मॅडम.

डॉक्टर: तुम्ही नाही हो. तुमच्या त्या पालथ्या पडलेल्याचं सांगता येत नाही. तर नबीला. पहिलं मूल सिझर. दुसऱ्या वेळी भर दुपारी आणली तिला सासूनं रिक्षात घालून. बीपी छताला. इथं बाहेरच्या बाकावर झटके सुरू झाले. दुसरं सिझर केलं, रक्त दिलं, वाचली. दोघंही वाचली. मी तिला सांगितलं, आता काही वर्षं मूल नको. पुन्हा असं झालं तर मी काही पीर नाही. तिला पटलं. तांबी बसवली. मूल राहू नये म्हणून बायका बसवून घेतात ती.

आरोही: नवऱ्याला माहीत होतं?

डॉक्टर: नव्हतं. त्याला तिसरं हवं होतं, बोलून दाखवायचा. ती म्हणाली, सुट्टीवर आले की समोरासमोर सांगेन, फोनवर नको. मी म्हटलं, तुझा नवरा, तुझं पोट, तू ठरव. त्याच सुमारास विनीत नावाचा एक गृहस्थ रत्नागिरीहून सॉफ्टवेअर घेऊन आला. नोंदी राहतील, कागद नको, पेशंटला तपासणीची आठवण जाईल. मी घेतलं. भीती असती तर घेतलं असतं का?

आरोही: नाही.

डॉक्टर: समोर बसते ती ऋतिका सगळ्यांचे मोबाइल नंबर घालायला लागली. नबीलाला विचारलंन, नंबर सांग. हिच्याकडं फोन होता, पण स्वतःचा नंबर कोण पाठ करतं? स्वतःला कुणी फोन करतं का? तिला एकच नंबर पाठ होता. नवऱ्याचा. लग्न ठरलं तेव्हापासून पाठ. तो सांगितलान.

आरोही: अरे देवा.

डॉक्टर: थांबा, देवाला एवढ्यात नको. काही महिन्यांनी आमीरच्या व्हॉट्सॲपवर निरोप. 'प्रिय नबीला, आपल्या तांबीच्या तपासणीची वेळ झाली आहे. आपल्या निरोगी कुटुंबासाठी सदैव आपल्यासोबत.' खाली चित्र. हसरं कुटुंब, आईबाप आणि दोन मुलं. फोन होता चार्जिंगला. तिकडं त्याच्या खोलीत सगळे आमच्याच पट्ट्यातले. एकानं बघितलंन, घरचं काही असेल म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलंन. आमीर अंघोळ करून बाहेर आला तर त्याचा फोन एकाकडून दुसऱ्याकडं फिरतोय.

आरोही: म्हणजे बायकोची गोष्ट त्याच्या आधी त्याच्या खोलीला कळली.

डॉक्टर: खोलीला कळली म्हणजे खोलीतल्यांच्या बायकांना कळली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बुरोंडीला कळली. नबीलाला सगळ्यात शेवटी.

आरोही: त्यानं काय केलं?

डॉक्टर: पहिला फोन मला. म्हणाला, कोणाला विचारून बसवलीत? मी म्हटलं, जिला बसवली तिला. म्हणाला, मी नवरा आहे. मी म्हटलं, असाल, पण पेशंट नाही तुम्ही माझे. आणि फोन ठेवला. मग बायकोशी बोलणं बंद. पोरांशी बोलायचा, तेही भावाच्या, अयूबच्या फोनवर. अयूबची अक्कल म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरसारखी, असते तेव्हा असते. तो म्हणाला, हिला माहेरी पाठवा थोडे दिवस.

आरोही: आणि त्या विनीतला तुम्ही काही विचारलं?

डॉक्टर: बोलावून घेतला. म्हटलं, हा निरोप कोणी पाठवला? म्हणाला, कोणी नाही मॅडम, आपोआप जातो. आपोआप. फणस आपोआप पडतो हो. निरोप कोणीतरी पाठवतं. कोणीतरी बसून ते वाक्य लिहिलंय, कोणीतरी ते चित्र निवडलंय. त्याला नाव नाही, तोंड नाही. मी म्हटलं, 'तांबी' हा शब्द का घातलात? तर म्हणे, स्पष्ट लिहिलं की पेशंट जास्त येतात.

आरोही: मॅडम, एक सांगू? अशा सॉफ्टवेअरमध्ये आठवण बंद करायची सोय असते. नोंद करतानाच निवडता येतं.

डॉक्टर: असेल. विनीतनं ती ऋतिकाला दाखवली नाही, ऋतिकानं विचारली नाही, आणि नबीलाला तर आपण काय सांगतोय आणि ते कुठं चाललंय याचा पत्ता नाही. सोय कोणासाठी होती मग? तुमच्यासाठी? म्हणजे आज तुम्ही इथं येऊन मला सांगावं की सोय होती?

आरोही: तसं नव्हतं म्हणायचं मला.

डॉक्टर: तसंच होतं. चहा प्या, गार होतोय. तर एक दिवस नबीला दारात. सोबत सासू. म्हणाली, काढून टाका. मी विचारलं, दुखतंय? नाही. रक्त जातंय? नाही. मग? म्हणाली, ते बोलत नाहीत. एवढंच. मी सासूकडं बघितलं. बुरखा, हातात पिशवी, खाली बघत बसलेली. मुलानं पाठवलेली. मी म्हटलं, तुम्हाला आणखी एक नातू हवा असेल ना? घ्या. पण त्याच्या बदल्यात ही जाईल. ते चालणार असेल तर आत्ता काढते, आणि पुढच्या बाळंतपणाला दुसरा दवाखाना बघा. माझ्या बाकावर नको.

आरोही: इतकं कडक?

डॉक्टर: मग काय साखर घालू? मला वाटलं होतं, सासू रडेल नाहीतर भांडेल. तिनं पिशवीतून फोन काढून माझ्यापुढं धरलान. म्हणाली, मला लावता येत नाय. आमीरला लावा. तोंड दिसतं तसा लावा.

आरोही: व्हिडिओ कॉल.

डॉक्टर: हो. मी लावला. त्यानं उचललान, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागं समुद्र. आईला माझ्या केबिनमध्ये बघून गांगरलाच. आणि ही बाई त्याला म्हणाली, आमच्या भाषेत, अगदी सावकाश, 'तिला मी आणलाव हितं. तां मी बसवायला सांगितलाव. तिचा काय नाय त्यात. राग करायचा तर माज्यावर कर.'

आरोही: खरंच तिनं आणलं होतं?

डॉक्टर: छे. तिला ठाऊकही नव्हतं. गावाला कळलं तेव्हा तिला कळलं. नबीला बघत राहिली सासूच्या तोंडाकडं. मीही. आयुष्यात इतक्या शांतपणे खोटं बोललेलं माणूस मी बघितलं नाही, आणि माझ्याकडं रोज बायका खोटं बोलतात.

आरोही: मग तो काय म्हणाला?

डॉक्टर: म्हणाला, अम्मा, मला का नाय सांगितलंस? ती म्हणाली, 'तू विचारलास काय? तू विचारलास, पोरगा की पोरगी. तुला फोनवर पोर दाखवलान. मी त्या बाकावर काय बघितलाय तां तुला कोणी दाखवलान नाय. बरा झाला, नाय दाखवलान.' आणि फोन माझ्या हातात दिलान. बंद कसा करायचा ते तिला येत नव्हतं. तो तसाच तिकडं दिसत होता, हेल्मेट घालून. मी बंद केला.

आरोही: आणि तांबी?

डॉक्टर: आहे. सासू उठली, म्हणाली, चला गो. नबीला तिच्या मागं गेली. मी त्या दिवशी विनीतला फोन केला, संगणक घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, एवढ्याशा कारणावरून? म्हटलं, हो, एवढ्याशा. आता सगळं हातानं लिहिते, मागच्या कपाटात ठेवते. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर?

आरोही: नाही.

डॉक्टर: नाही?

आरोही: मला एक विचारायचंय. फॉर्ममधलं नाही. उद्या नबीला दापोलीला कोणाकडं गेली आणि तिथं चक्कर येऊन पडली. बेशुद्ध. तिला झटके येऊन गेलेत, दोन सिझर झालीत, हे तिथल्या डॉक्टरला कोण सांगणार?

डॉक्टर: माझ्याकडं फाइल आहे.

आरोही: मागच्या कपाटात. कपाटाला कुलूप?

डॉक्टर: अर्थात.

आरोही: किल्ली तुमच्याकडं. आणि तुम्ही साठीच्या पुढं. मगाशी मीच भरलंय.

डॉक्टर: मला एवढ्यात काही होत नाही.

आरोही: हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, मॅडम. तुम्ही विनीतला हाकललंत, बरं केलंत. पण त्याच्याबरोबर नबीलाचं दुखणंही कुलपात गेलं. तिला कोणी विचारलं का, तुला काय हवंय? विनीतनं नाही विचारलं. तुम्ही विचारलंत?

डॉक्टर: हडपसरला असंच बोलतात का मोठ्यांशी?

आरोही: मोठी माणसं असं वागली की बोलतात.

डॉक्टर: हं. नाही विचारलं. हे खरं आहे. आता तू मला सांग. तुझ्या त्या पालथ्या पाटीत इतके प्रश्न आहेत. आत्मविश्वास वाटतो का, दर्जा सुधारला का, समाधानी आहे का. माहिती कुठं जावी हे पेशंटला विचारलंत का, असा एक तरी प्रश्न आहे त्यात?

आरोही: नाही.

डॉक्टर: कोणी तयार केला हा फॉर्म?

आरोही: आमच्या सरांनी. एका परदेशी फॉर्मवरून भाषांतर करून.

डॉक्टर: वाटलंच. तिकडं बायकोचा नंबर बायकोचा असतो. मग आता काय भरणार तू तिथं?

आरोही: काहीतरी भरावंच लागतं. रिकामं ठेवलं तर पुढचं पान उघडत नाही.

डॉक्टर: मग नको उघडूस.

आरोही: मुलाखत अपूर्ण धरतात मग. बाद होते. अहवालात पुन्हा येईल, ज्येष्ठ डॉक्टरांनी प्रतिसाद देण्याचं टाळलं. सहमत म्हणणारे सगळे आत आणि तुम्ही बाहेर. तुम्हाला हेच हवंय का?

डॉक्टर: धमकी देतेस?

आरोही: काय होतं ते सांगतेय. शेवटी 'इतर शेरा' म्हणून एक चौकट असते. कोणी भरत नाही ती. त्यात मला हे लिहू द्या. नाव नाही, गाव नाही, बंदर नाही. एका पेशंटच्या तपासणीचा निरोप तिच्या नवऱ्याच्या फोनवर गेला आणि तो इतरांनी वाचला, एवढंच. आणि तिथं आम्ही प्रश्नच चुकीचा विचारतोय, हेही. सरांना मी तोंडानं सांगीनच.

डॉक्टर: ते ऐकतील?

आरोही: नाही ऐकणार. म्हणतील, किस्से नकोत, आकडे आण. पण मग मी पुढच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारीन. आकडे आणीन.

डॉक्टर: आनंदीबाई, आत या जरा. बाहेरची ती पोरगी, तिचं कार्ड काढलंत ना? तिला विचारा, निरोप द्यायचा झाला तर कोणाला द्यायचा. नंबर नको. माणूस विचारा. आणि काय म्हणेल ते मला येऊन सांगा.

आनंदीबाई: आई म्हणंल न्हायतर नवरा, मॅडम. दुसरं कोण?

डॉक्टर: तुम्ही विचारा तरी. तुम्ही आणि मी सगळं आधीच ठरवून बसतो.

आनंदीबाई: विचारते. ही बाय जेवून आलीय का पन? एसटीनं आलीय म्हनं.

आरोही: जेवले, आजी. मग लिहू ना मॅडम?

डॉक्टर: लिही. शुद्ध लिही. 'भीती' हा शब्द आला तर पुण्याला येऊन विचारीन.

आरोही: नाही येणार. आणि नवरा? आमीर. तो पुढं आला का सुट्टीवर?

डॉक्टर: आला. इथंही आला. ओपीडी उठायच्या वेळेला बाकावर बसलेला, एकटाच. मला वाटलं, आता भांडायला आला. मी चष्मा पुसून तयार. आत आला, उभाच राहिला, आणि विचारलंन, झटके कसे असतात.

आरोही: सांगितलंत?

डॉक्टर: सांगितलं. डोळे कसे फिरतात, जीभ कशी चावली जाते, अंग कसं वाकतं. मला उभ्या उभ्या ठरवावं लागलं होतं, आई आणि बाळ, दोघांपैकी कोणाच्या मागं आधी धावायचं, तेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलान. सलाम केलान आणि गेला. रडला बिडला नाही. तुम्हा लोकांना तसलं काही हवं असतं, म्हणून आधीच सांगते.

आरोही: मला नको होतं. एवढंच विचारायचं होतं, आता तो बोलतो का तिच्याशी?

डॉक्टर: सासू सांगत होती परवा. पूर्वी त्याचा फोन आला की पडवीत सगळं घर गोळा व्हायचं, फोन मध्ये ठेवायचा आणि ओरडून बोलायचं. आता फोन वाजला की नबीला तो घेऊन मागच्या काजूच्या झाडाखाली जाते. बराच वेळ येत नाही. पोरं मागं धावायला लागली की सासू त्यांना आत घेते आणि मागचं दार लोटून घेते.